किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही

14 एप्रिलची रात्र. मिरवणूक संपली होती. तुर्भे स्टोअरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबासाहेबांची प्रतिमा उतरवून झाली, स्पीकर उतरवणं चालू होतं, बाया घरी निघाल्या होत्या. आणि गाडी बंद होत नव्हती. गाडी बंद पडली तर काय करायचं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, धक्का मारायचा. गाडी बंदच होत नसेल तर काय करायचं, हे त्या चारशे लोकांत एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस माझा चुलता. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

गाडी जुनी, सहा सिलिंडरची, टर्बोवाली. मंडळाला स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. दिवसभर पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चालली होती. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, दिवे गेले, इंजिन चालूच. त्याने डॅशबोर्डखालची बंद करायची मूठ ओढली, तर मूठ वायरीसकट हातात आली. पोरं हसली. एकाने मोबाइल काढला. दुसरा एक, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, म्हणाला, "एकदा जोरात रेस द्या, बसेल." ड्रायव्हरने पाय दाबला. मग मात्र कुणी हसलं नाही. पाय उचलला तरी इंजिनाचा आवाज खाली येईना, उलट चढत गेला. मागून निळसर पांढरा धूर असा सुटला की समोरची घरं दिसेनात.

नाना ओट्यावर बसले होते. ते उठले आणि गाडीकडे न जाता आधी लोकांकडे गेले. "पोरं उचला. गाडीपुढून आणि बाजूने सगळे मागे व्हा." चाकांना दगड लावायला लावले. ड्रायव्हर म्हणाला, "वरचा गिअर टाकून ब्रेकवर दाबून मारतो तिला." नाना ओरडले, "समोर माणसं आहेत. न्यूट्रलला ठेव, हँडब्रेक ओढ आणि खाली उतर." मग त्यांनी बोनट उघडून पंपावरचा बंद करायचा लिव्हर हाताने मागे दाबला आणि दाबून धरला. एरवी एवढ्यावर इंजिन मरतं. हे मेलं नाही. नाना म्हणाले, "आता ही डिझेलवर नाही चालत. स्वतःचं ऑइल खातेय."

स्टेजच्या बॅनरमागचा जाड प्लायवूडचा तुकडा त्यांनी मागितला. एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपचा क्लिप सोडला, पाइप बाजूला केला आणि हवा ओढणाऱ्या त्या उघड्या तोंडावर प्लायवूड आडवा मारून दाबून धरला. इंजिनाने दोन-तीन आचके दिले, अख्खी गाडी हादरली आणि थांबली. सगळा प्रकार दीड-दोन मिनिटांचा. आणखी थोडा वेळ गेला असता तर आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता. त्या अंतरावर आमची पोरं उभी होती.

हे सगळं मी मोबाइलवर काढत होतो. मी म्हणजे चळवळीत वीस वर्षं भाषणं देणारा, एम.ए. झालेला माणूस. त्या व्हिडिओत माझा स्वतःचा आवाज आहे, "अरे कुणीतरी मेकॅनिकला बोलवा रे." मेकॅनिक माझ्या घरातला होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला आठवला नाही. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे.

मित्रांनो, आधी इंजिनाचं समजून घेऊ, कारण पुढचा मुद्दा त्याशिवाय कळणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. किल्ली बंद केली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारताच तो पेटतो. म्हणून जुन्या गाडीत किल्ली काढली तर फक्त वीज जाते. इंजिन थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं. डॅशबोर्डची मूठ ओढली की वायर ओढली जाते, वायर पंपावरचा लिव्हर ओढते, लिव्हर आतला रॅक शून्यावर आणतो आणि नोझलला डिझेल जाणं थांबतं.

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडून आम्हा पोरांना समजावत होते. गाडी बंद होत नाही म्हटल्यावर कुठून कुठे बघत जायचं, ते असं. आधी वायर: तुटली, ढिली पडली की बाहेरच्या नळीत गंजून अडकली. काही गाड्यांत वायरीऐवजी विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो, तो अडकतो. वायर ठीक असेल तर पंपावरचा लिव्हर हाताने दाबून बघायचा. लिव्हर हलतच नसेल तर पंपाच्या आत रॅक अडकलाय, पाणी नाहीतर घाण गेलीय. मग फिल्टरकडून पंपाला येणारा डिझेलचा पाइप सोडायचा आणि पंप पंपवाल्याकडे न्यायचा. आणि लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिन चढतच असेल, धूर निळा असेल, तर डिझेलचा संबंध संपला. ऑइल आत जातंय: टर्बोचं सील गेलंय, रिंगा झिजल्यात, नाहीतर कुणी ऑइल जास्त भरलंय. तेव्हा एकच उपाय, हवा तोडायची. फळीने, पत्र्याने. हाताने कधीच नाही, फडक्याने कधीच नाही.

आमच्या गाडीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. वायर वळणावर गंजून तुटली होती. सकाळी ड्रायव्हरने काडी नीट न बघता ऑइल ओतलं होतं, ते दोन-तीन लिटर जास्त निघालं. आणि टर्बोचं सील गेलेलं होतं, दिवसभर हळू चालताना हवेच्या पाइपात ऑइल साचत राहिलं. रेस दिल्यावर इंजिनाने ते ओढलं. वायर नवी टाकायला काही शे रुपये लागतात. त्या दिवशी डीजेला आम्ही सत्तर हजार दिले होते. गाडी कुणी तपासली, हा प्रश्न मंडळाच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. त्या बैठकांना मीही होतो.

"हाताने कधीच नाही" म्हणताना नानांनी आपला उजवा हात दाखवला नाही. पण आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. त्यांच्या दोन बोटांना नखं नाहीत.

1972 च्या दुष्काळात आजोबा-आजी जालन्याकडून निघाले आणि इथल्या खदानीत खडी फोडायला लागले. सिडको तेव्हा नुकती दोन वर्षांची होती. आज ज्या रस्त्यांवर, ज्या इमारतींच्या सावलीत नवी मुंबई मिरवते, त्यांतली किती खडी आपल्या आया-बापांनी फोडली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नाना चौदाव्या वर्षी खडीच्या डंपरवर क्लीनर म्हणून चढले, नंतर एका गॅरेजात हेल्पर झाले. तिथे एकदा अशीच एक गाडी चढली. उस्ताद लांबून ओरडला, "हवा दाब, हाताने दाब." पोराने फडकं घेऊन हात दाबला. फडकं आत ओढलं गेलं, हात तोंडाच्या कडेवर आपटून चिरडला. भरपाई म्हणून पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली, बिनपगारी.

उस्तादाबद्दल नाना वाईट बोलत नाहीत. एवढंच सांगतात की पंप उघडायची वेळ आली की त्यांना चहा आणायला पाठवलं जायचं. पंप हे गॅरेजातलं गाभाऱ्यासारखं काम. त्यात कळ किती, स्प्रिंग किती दाबायची, कुठल्या सिलिंडरला किती डिझेल, हे ज्याला आलं तो मिस्त्री. बाकी सगळे पाने पुसणारे. आता कुणी म्हणेल, उस्ताद सगळ्याच पोरांना असं राबवतात. खरं आहे. पण नानांच्या मागून आलेली दोन पोरं दोन वर्षांत पंपाजवळ बसली आणि नाना सातव्या वर्षीही चहाच आणत होते. त्या पोरांची आडनावं वेगळी होती. कुणी काही बोललं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त चहा आणायला पाठवलं. ज्ञानबंदी अशीही असते. कानात शिसं ओतायला लागत नाही, हातात किटली दिली तरी भागतं.

शेवटी नानांनी भंगारातून एक मोडका पंप किलोच्या भावाने घेतला, घरात वर्तमानपत्रावर उघडला, जोडला, परत उघडला. स्प्रिंगा हरवल्या, परत भंगारात जाऊन शोधल्या. असं वर्षभर. पंप कळला तेव्हा ते कळंबोलीला दुसऱ्या गॅरेजात गेले आणि तिथे मिस्त्री म्हणून लागले. 1989 ला न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. त्या रांगांतल्या किती गाड्या त्यांच्या हातून दुरुस्त झाल्या असतील. मी मात्र कॉलेजच्या फॉर्मवर, पालक म्हणून त्यांचं नाव लिहिताना, व्यवसायापुढे "नोकरी" लिहिलं. मिस्त्री लिहायची मला लाज वाटली.

ही लाज मला कुठून आली? बाबासाहेबांकडून नक्कीच नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्या भाषणातलं सूत्र आपण सगळे भाषणांत वापरतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेच्या कारखान्यांचा हिशेब मांडला होता हे आपण विसरतो. अस्पृश्य माणूस तिथे हमाल म्हणून लागतो आणि हमाल म्हणूनच राहतो, मिस्त्री किंवा फोरमन होऊ दिला जात नाही, ही त्यांची तक्रार होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धाग्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. 1928-29 च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि गंमत बघा, नाना हेल्पर असताना टाकीतलं डिझेल नळीने तोंडाने ओढून काढायचं काम त्यांच्याचकडे असायचं. जिथे तोंड लावल्याने चार पैसे जास्त मिळणार होते तिथे आपलं तोंड विटाळाचं होतं. जिथे तोंडात डिझेल जाणार होतं तिथे ते चालत होतं.

1942 मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशीही त्यांची मागणी होती. कोलंबियाचा डॉक्टर आपल्या पोरांच्या हातात पाना मागत होता. कारण जात ही फक्त श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 मध्येच मांडलं होतं. कुणी कुठल्या कामापाशी थांबायचं, हे जिथे जन्मावर ठरतं, तिथे मिस्त्री होणं हासुद्धा जातीवरचा घाव असतो.

इथे एक धोका आहे. हाताच्या कामाचा गौरव करणारे सगळेच आपले मित्र नाहीत. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली: पोरांनी अर्धा वेळ शाळेत जावं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. लोकांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाचं शिक्षण म्हटलं आणि लढून पाडली. 2023 मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली, त्यातही अठरा धंदे आहेत आणि ते घराण्यात चालत आलेले असावेत ही भाषा आहे. चांभाराच्या पोराने चपला शिवाव्यात, न्हाव्याच्या पोराने दाढ्या कराव्यात आणि त्याला सन्मान म्हणावं, हे आपल्याला मान्य नाही. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, वतन सोडलं, ते योग्यच केलं. माझा मुद्दा उलटा आहे. पंप नानांच्या कुळात नव्हता. तो त्यांना द्यायचा नव्हता, त्यांनी तो मिळवला. कुळाचा धंदा लादणं वेगळं आणि नाकारलेलं ज्ञान हिसकावून घेणं वेगळं. पहिल्याला लाथ मारायची आणि दुसऱ्याला सलाम करायचा, एवढा विवेक आपल्याकडे हवा. आपण दोन्हींची एकत्रच लाज बाळगली आणि "शिका" याचा अर्थ फक्त खुर्चीवर बसणं असा करून घेतला.

आता ते इंजिन परत आठवा. आपल्या देशात 26 जानेवारी 1950 ला मूठ ओढली गेली. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट झाली. 1955 चा कायदा आला, 1989 चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आला. डॅशबोर्डसमोर बसलेले लोक सांगतात, मूठ ओढलीय, जात संपली, आता आरक्षण कशाला? त्यांना मूठ दिसते, वायर दिसत नाही. ती वायर पोलीस ठाण्यात गंजते, तपासात ढिली पडते, कोर्टात तारखांच्या वळणावर तुटते. पंपावरचा लिव्हर जागचा हलत नाही. म्हणून कार्यकर्त्याचं पहिलं काम बोनट उघडून लिव्हरला हात घालणं: फिर्याद लिहून घ्यायला लावणं, पंचनाम्याला उभं राहणं, साक्षीदार टिकवणं. मूठ हातात धरून घोषणा देणं सोपं आहे.

पण लिव्हर दाबूनही इंजिन चालतंच. कारण ते स्वतःचं ऑइल खातंय. जात तिच्या आतल्या ऑइलवर चालते. ते ऑइल म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियातल्या निबंधात सांगितलं. आणि तिला लागणारी हवा म्हणजे शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी लाखोंसह त्या हवेच्या तोंडावर फळी ठेवली. ती फळी सोडून आपण पुन्हा पोटजातींच्या वधूवर मेळाव्यांना जात असू, तर हवा आपणच सोडतो आहोत. आणि जोरात रेस दिली की बसेल, असं म्हणणारेही आपल्यात आहेत. नुसत्या रेसने काय होतं ते मी त्या रात्री पाहिलं.

उपमा इथेच सोडतो. एक शेवटची, अगदी साधी गोष्ट. माझ्या भाच्याने दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा फॉर्म भरायचा म्हटलं, तेव्हा घरात मीच विरोध केला होता. "काळे हात करून काय करणार?" हे माझे शब्द. मे महिन्यात नाना मला म्हणाले, "त्याला जाऊ दे. पण माझ्यासारखं शिकू नको म्हणावं. माझा पंप आता जाणार." नानांचं खरं आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या. त्यांत मूठ नाही, वायर नाही. डिझेल किती सोडायचं, कधी तोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो वाचणारं मशीन बहुतेक कंपनीच्या वर्कशॉपात असतं. म्हणजे पुन्हा एक पंप तयार झाला आहे आणि तो उघडताना पुन्हा कुणाला तरी चहा आणायला पाठवलं जाईल. या वेळी ते पोर आपलं असता कामा नये. आयटीआयमध्ये आपल्या राखीव जागा आहेत, शिकाऊ उमेदवारीचा 1961 चा कायदा आहे. आपल्या प्रत्येक विहारात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एका टेबलावर उघडलेलं इंजिन असायला काय हरकत आहे? शिकवणारे नाना प्रत्येक वस्तीत आहेत. आपण त्यांना भाषण ऐकायला खाली बसवतो, त्यांना बोलायला लावत नाही.

ड्रायव्हर-क्लीनर पोरांचाही प्रश्न आहे. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 2025 पर्यंत दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सांगत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारं पोर त्यात येत नव्हतं. आमचा ड्रायव्हर त्या दिवशी पहाटे पाचपासून गाडीवर होता. ऑइलची काडी नीट न बघण्याचं कारण तेच. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यासाठी मजूरमंत्री म्हणून झटलेल्या माणसाची जयंती आपण अठरा तास राबवलेल्या ड्रायव्हरच्या गाडीवर काढत होतो.

भाच्याचा फॉर्म भरला आहे. पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात त्याचे वडील वॉचमन, तसं लिहिलं. खाली मार्गदर्शक वगैरे रकाना नव्हता, नाहीतर नानांचं नाव लिहिलं असतं. येत्या जयंतीला मंडळाने ठरवलंय: गाडी आठ दिवस आधी आणायची, नाना तपासणार, दोन पोरं त्यांच्यासोबत राहणार, ड्रायव्हर दोन ठेवायचे आणि पैसे डीजेतून कापायचे. वाद झाला, पण ठराव झाला. तुमच्या मंडळाचं काय ठरलंय ते बघा.

जय भीम!